मेंढराच्या माथी

गोजरबाई लग्न होऊन सासरी आली तेव्हा तिच्या गाडीमागं दाव्याला बांधलेली एक वगार चालत आली. बापानं आंदण दिलेली, पूर्णाकाठची, भुऱ्या अंगाची तरणी म्हैस, अजून एकदाही न व्यालेली. कपाळावर पांढरा चांद. नवरी बघायला जमलेल्या बायका घरी गेल्या त्या वगारीचंच कौतुक करत गेल्या. गोजरबाईला त्याचा राग आला नाही. आपल्या तोंडावर देवीचे वण आहेत हे तिला ठाऊक होतं, आणि वगार आपल्याहून देखणी आहे हेही.

त्याला आता तीस वर्षं झाली. धामणगाव बढ्याच्या पलीकडच्या त्या गावात घर सासऱ्याचं होतं, शेत नवऱ्याचं, तांब्याची भांडी सासूची. म्हैस तेवढी गोजरबाईची. तिचा नवरा पुंजाजी भला माणूस होता. पण भल्या माणसाच्या घरात तरी बाईच्या नावाचं काय असतं? धारेला दुसरं कुणी बसलेलं तिला खपत नसे, आणि म्हशीला तर त्याहून खपत नसे. पुंजाजी एकदा हौसेनं चरवी घेऊन बसला, तर म्हशीनं पान्हा असा चोरला की दोन दिवस घरात काळा चहा.

पुढं आईबाप गेले. भाऊ नव्हता. चुलत्यांनी घर पाडून तिथं कडब्याची गंजी रचली. दिवाळीला माहेरी जात नाहीस का, असं कुणी विचारलं तर, गंजीले ओवाळू काय, म्हणून ती हसायची आणि हसता हसता आत निघून जायची. तिचं माहेर आता गोठ्यात होतं. पहिल्या वगारीची लेक, त्या लेकीची लेक, असा वंश चालला होता आणि प्रत्येकीच्या कपाळावर तोच चांद उमटत होता. नव्या नावांची भानगड तिनं ठेवली नव्हती. जी दुभती ती भुरी. आताच्या भुरीच्या दोन लेकी. थोरली तिनं आपल्या पुष्पाला लग्नात आंदण दिली होती, ती जळगाव जामोदला सुखात होती. धाकटी चांदी गोठ्यातच होती, नुकतीच पहिल्यांदा गाभण राहिलेली.

माहेराहून आणखी एक गोष्ट आली होती. ती म्हण होती. घोड्यांचे सौदागर म्हणत, तबेले की बला बंदर के सर. तबेल्यात माकड बांधलं की घोड्यांवरची पीडा माकडावर जाते. गोजरबाईच्या आईकडे घोडे नव्हते आणि माकडही नव्हतं, तेव्हा तिनं म्हणीला आपल्यापुरतं वळण दिलं: गोठ्याची बला मेंढराच्या माथी. तिच्या दावणीला कायम एक मेंढरू असे. ते विकायचं नाही, कापायचं नाही, त्याची लोकरसुद्धा कातरायची नाही. ते राखणीचं.

सासरी हे चाललं नाही. "आपन काय धनगर हाओ?" असं सासूनं एकदाच म्हटलं आणि विषय मिटला. सासू गेल्यावरही काही वर्षं गोजरबाई गप्पच होती. मग महाराष्ट्र झाल्यानंतरच्या सातव्या-आठव्या वर्षी शेजारच्या गावांत बुळकांडी आली, चार दिवसांत पन्नास-साठ ढोरं लोळली, आणि तिची झोप उडाली.

सरकारनं लशी टोचायला डॉक्टर पाठवला. लक्ष्मीकांत पाठक त्याचं नाव, पुण्याकडचा, पंचविशीतला, सायकलला लशीची पेटी बांधून उन्हातान्हात गावोगाव फिरणारा. काम चोख, जीभ तिखट. गावातल्या दयारामच्या बैलाच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा होता. डॉक्टरनं तो कात्रीनं कापून चावडीपुढं फेकला आणि म्हणाला, "हे बांधून रोग जात असता तर सरकारनं मला कशाला पाठवलं असतं?" सारं गाव हसलं. दयाराम हसला नाही. भुरीचं दावं धरून रांगेत उभी असलेली गोजरबाईही हसली नाही. शिकलेल्या माणसापुढं काय बोलावं अन् काय झाकावं, हे ती त्या दिवशी शिकली.

भुरीला टोचलं, चांदीला टोचलं. एक टोचणी सरकारची झाली. आता एक राखण आईची हवी, असं तिच्या मनानं घेतलं. त्याच फाल्गुनात कचरू धनगराची मेंढरं पुंजाजीच्या शेतात खतासाठी बसली होती. गोजरबाईनं त्याच्याकडे एक गाभण मेंढी मागितली. बदल्यात काय दिलं ते तिनं पुंजाजीलाही सांगितलं नाही. कचरूनं मेंढी दिली, पण दोरी हातातून सोडीना.

"बाई, एक सांगतो. आमच्यातले म्हतारे म्हनत, मेंढरू अन् म्हैस एका दावनीले बांधू नये."

"काऊन?"

"काऊन ते त्यायलेच माहीत. बांधू नये, येवढंच."

गोजरबाई हसली. "तुह्या मेंढीले म्हशीची लाथ बसन म्हून भेतं तू. दुसरं काय? जपतो मी तिले."

कचरूनं दोरी सोडली. धनगर झाला तरी तो पाहुणाच होता, बाईमाणसाशी किती वाद घालणार?

मेंढी चैत्रात व्याली ती भुरीच्या दावणीतच. भुरीनं कोकराला आपल्या खरखरीत जिभेनं असं चाटून काढलं की मेंढीच बावरून बाजूला झाली. पुढं ते कोकरू भुरीच्या गव्हाणीत, कुटाराच्या मऊ ढिगावर झोपायला लागलं. भुरी त्याच्या अंगाखालचं कुटार हळूच ओढून खायची. गोजरबाई शेणाची पाटी डोक्यावर घेऊन ते बघत उभी राहायची आणि तिला आई आठवायची. खरं सांगायचं तर आई गेल्यापासून एवढी सुखी ती कधी झाली नव्हती.

आश्विन लागला आणि भुरीनं पेंड तोंडात घेतली नाही.

पहिल्या दिवशी वाटलं, ऊन लागलं असेल. दुसऱ्या दिवशी अंग तव्यासारखं तापलं, दूध आटलं, नाकातून घट्ट शेंबूड लोंबू लागला. तिसऱ्या दिवशी भुरीनं उजेडाकडे पाठ फिरवली. दाराकडून फट जरी उघडली तरी ती मान वळवून भिंतीत तोंड खुपसायची. गोजरबाईनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरून पाहिलं, तर दोन्ही बुबुळांच्या कडेनं दुधाळ निळसर रेघ उठली होती. चंद्राला खळं पडतं तशी. चौथ्या दिवशी ती रेघ आत सरकली, पाचव्या दिवशी अख्खा डोळा पांढरा झाला. भुरीला फूल पडलं. आंधळी भुरी आवाजावरून गोजरबाईला शोधायची आणि सापडली की तिच्या पोटाला कपाळ टेकवून उभी राहायची.

पुंजाजी तालुक्याला जाऊन डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टरनं भुरीच्या तोंडात हात घातला, हिरड्या पाहिल्या, गळ्याखालच्या गाठी चाचपल्या, बॅटरीच्या उजेडात डोळे पाहिले. डोळ्यांपाशी तो बराच वेळ थांबला. मग हात धुताना म्हणाला, "बुळकांडी नाही. बुळकांडी असती तर एव्हाना गावच लागलं असतं. ही एकटीच आजारी आहे. मावशी, तुम्ही मेंढ्या पाळता का?"

आता इथं थोडं थांबायला हवं, कारण सगळं यावरच गेलं. त्या वेळी मेंढी आणि कोकरू गुराख्याबरोबर रानात गेली होती. लेंड्या गोजरबाईनं नेहमीसारख्या सकाळीच झाडून काढल्या होत्या. तिच्या डोळ्यांपुढं दयारामचा बिब्बा आला, कात्री आली, हसणारं गाव आलं. मेंढरू राखणीला बांधलंय म्हटलं तर हा माणूस हसेल. हसून थांबणार नाही, मेंढरू सोडायला लावेल, आणि भुरी अशी मरणाच्या दारात असताना राखणही जाईल. आणि मग तो शब्द तिच्या मदतीला आला. पाळता का, असं त्यानं विचारलं होतं. पाळणं म्हणजे धनगर पाळतात ते, लोकरीसाठी, विकायसाठी. ती कुठं पाळत होती?

"नाई," ती म्हणाली. "मेंढ्या नाई पाळत आमी."

पुंजाजीनं तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं. गोठा त्याचा नव्हता, तो काय बोलणार?

डॉक्टरनं मान हलवली. "मग मला काही कळत नाही," असं तो म्हणाला. हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून गावानं पहिल्यांदाच ऐकलं. त्यानं एक इंजेक्शन दिलं आणि सायकल हातात धरून निघून गेला. आठव्या दिवशी भुरी मेली. पुंजाजीनं बांधावर खड्डा खणला. गोजरबाईनं मातीत उतरून तिच्या कपाळावरच्या चांदाला कुंकू लावलं आणि वर यायला तिला दोघांना हात द्यावा लागला.

माणूस शहाणा असता तर तिथं थांबला असता. पण दुःखातलं माणूस शहाणपण कुठून आणणार? गोजरबाईनं रात्रंदिवस विचार केला आणि तिला एकच सुचलं: राखण कमी पडली. मेंढी दावणीच्या टोकाला बांधत होतो, ती गव्हाणीपाशी बांधायला हवी होती. तिनं मेंढी नेऊन चांदीच्या अगदी तोंडाशी बांधली. एका गव्हाणीत दोघींचं कुटार, एका घमेल्यात दोघींचं पाणी. चांदीच्या पोटात वासरू होतं. ते एवढं वाचलं की बास, असं ती मेंढीच्या कानात सांगायची.

दिवाळीला पुष्पा आली. भुरीची जागा रिकामी बघून ती उंबऱ्यातच खाली बसली. तिची स्वतःची भुरी नुकतीच व्याली होती, पारडी झाली होती, कपाळावर चांद घेऊन. हे आनंदानं सांगायला आलेली पोर ते रडत रडत सांगायला लागली.

"आई, मले बी एक राखन दे न," ती निघताना म्हणाली. "माह्या पारडीले काही झालं तं मी जगनार नाई."

गोजरबाईनं कोकरू तिच्या हवाली केलं. चांगलं सात महिन्यांचं, गुबगुबीत झालेलं. गळ्यात लाल मणी बांधला. एस्टीच्या टपावर ते पाय बांधून चढवलं तेव्हा ओरडलंसुद्धा नाही. गोजरबाईला वाटलं, शकुन चांगला झाला.

पौषात एका सकाळी चांदीनं दाराकडे पाठ फिरवली.

गोजरबाई ओरडली नाही. तिनं चांदीचं तोंड हातात धरलं, डोळा पाहिला, आणि पुंजाजीला एवढंच म्हणाली, "डाक्टरले आना." ती दाराला पोतं लावायला लागली, चांदीला उजेड लागू नये म्हणून.

डॉक्टर आला. पोतं बाजूला करून आत शिरला आणि तिथंच थांबला. चांदीच्या तोंडाशी मेंढी उभी होती, रवंथ करत.

"ही कुणाची?"

"राखनीची हाय, साहेब."

"मी विचारलं होतं तुम्हाला. मेंढ्या पाळता का, असं विचारलं होतं."

"पाळता का म्हनलं तुमी," गोजरबाई म्हणाली. "पाळत नाई आमी. राखनीले हाय ते. ढोरावरची बला ते अंगावर घेते."

डॉक्टर चिडेल असं पुंजाजीला वाटलं होतं. तो चिडला नाही. तो गोठ्यातल्या दगडावर बसला.

"घेत नाही, मावशी," तो म्हणाला. "देते. हा ताप मेंढीच्या अंगात असतो. जन्मभर असतो, आणि तिला काही होत नाही. शिंकेतून, शेंबडातून म्हशीला लागतो आणि म्हैस वाचत नाही. पुस्तकात दोन ओळी आहेत याच्यावर. मला त्या आठवल्या होत्या. म्हणून तर विचारलं."

"औषद?"

"नाही."

गोजरबाईनं मेंढीकडे पाहिलं. मेंढीही तिच्याकडे बघत होती, पिवळ्या शांत डोळ्यांनी. किती वर्षांपूर्वीची आईची म्हण, आणि एवढ्या वर्षांत ती उलटी करून पाहायचं कुणाला सुचलं नाही. कचरूचे म्हातारे सांगत होते तेही तिनं हसण्यावारी नेलं. तिला एकदम असं वाटलं की भुरीला तिनं आपल्या हातानं मारलं, गव्हाणीत घास ठेवावा तसं मरण ठेवून मारलं. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून कुणी समजूतही घालू शकत नव्हतं.

"मी तो बिब्बा तसा कापायला नको होता," डॉक्टर खाली बघत म्हणाला. मग उठता उठता त्यानं विचारलं, "ही मेंढी व्यालेली दिसते. कोकरू कुठाय?"

पुंजाजीच्या हातातलं घमेलं खाली पडलं. "लेकीच्या गोठ्यात हाय, जळगाव जामोदले," तो म्हणाला.

"सात-आठ महिन्यांचं कोकरू तर सगळ्यात वाईट," डॉक्टर म्हणाला. "आजच्या आज काढा तिथून. म्हैस म्हशीला देत नाही हा रोग, मेंढरूच देतं. ते काढलं तर जी लागली नसेल ती वाचेल. पण लागलेली कुठली, हे दोन-दोन, तीन-तीन महिने कळत नाही."

गोजरबाई चांदीपाशी गेली. पोटातलं वासरू हललं ते तिच्या तळहाताला लागलं. चांदी अजून दोन-चार दिवस काढणार होती आणि ते दिवस तिनं कुणाच्या तरी पोटाला कपाळ टेकवून काढले असते. गोजरबाईनं पुंजाजीला चांदीजवळ उभं केलं, त्याचा हात चांदीच्या कपाळावर ठेवला, आणि लुगड्याचा पदर खोचून ती एस्टीच्या रस्त्याला लागली. मागं वळून बघायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. दोनदा बघितलंच.

मलकापूरला एक गाडी बदलून, नांदुऱ्याला दुसरी बदलून, पूर्णा ओलांडून ती दुसऱ्या दिवशी जळगाव जामोदला उतरली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. गावाच्या कडेला पुष्पाचं घर. मागं सातपुड्याचा डोंगर आणि पुढं गोठा. गोठ्यात पुष्पाची भुरी उभी होती, पारडी तिच्या कासेला होती, आणि कोकरू पारडीच्या पाठीला पाठ लावून बसलं होतं. गळ्यात लाल मणी.

पुष्पाची सासू रुखमाबाई हसत पुढं आली. "या विहीनबाई! तुमच्या कोकराचा पायगुन मोठा बरा हो. म्हैस दूध वाढवूनच राह्यली. पयले मीच नाक मुरडलं होतं, आता मीच त्याले घास घालतो."

गोजरबाईनं पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. भुरी याच्याचमुळे गेली, चांदी चालली, मेंढरू बला घेत नाही, देतं, डॉक्टरनं पुस्तकातलं सांगितलं. डॉक्टरनं विचारलं तेव्हा आपण नाही म्हणालो, तेही सांगितलं. एकदा खोटं बोलून जे झालं त्यानं तिची जीभ इतकी पोळली होती की आता एक शब्द झाकायची तिची तयारी नव्हती.

ऐकून झाल्यावर रुखमाबाईनं पुष्पाकडे पाहिलं आणि पुष्पानं आईकडे.

"आई, तुले बरं नाई काय?" पुष्पा हळूच म्हणाली. "मेंढरू बला देते? गोठ्याची बला मेंढराच्या माथी, तूच तं शिकवलं मले. लहानपनी झोपतानी म्हनायची तू."

"मी चुकली, पोरी. माही माय चुकली."

"अन् हे डाक्टर तोच न, दयारामकाकाचा बिब्बा तोडनारा? दिवाळीले तूच सांगत होती, असायले काय कयते म्हून."

रुखमाबाई आता हसत नव्हती. ती काही वाईट बाई नव्हती. पण चार ढोरांच्या घरातली होती आणि तिला सरळ दोन आणि दोन चार दिसत होते. ती पुष्पाला म्हणाली, गोजरबाईला ऐकू जाईल इतपत हळू, "तुह्या मायच्या गोठ्याले पीडा लागली न. ते आपली राखन वापस न्यायले आली. सरय सांगायले लाज वाटते म्हून डाक्टरचं नाव."

"तसं नाई हो," गोजरबाई म्हणाली. "तुमच्या पाया पडतो. तसं नाई."

"मंग हे पाहा न." रुखमाबाईनं भुरीच्या पाठीवर थाप मारली. "दोन महिने झाले कोकरू हिच्या तोंडाशी हाय. काय झालं हिले? कशी हाय पाहा!"

गोजरबाई पुढं झाली. भुरीनं तिला वासावरून ओळखलं, मान पुढं केली आणि कपाळ तिच्या पोटाला टेकवलं. आईसारखं, आजीसारखं. गोजरबाईनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवलं. भुरीनं मान हिसकली आणि भिंतीकडे फिरवली.

तेवढ्यात तिला दिसायचं ते दिसलं होतं. बुबुळाच्या कडेनं केसाएवढी निळसर रेघ. दुसऱ्या कुणाला ती दिसली नसती.

ती तिथंच मटकन बसली. पुष्पा पाणी आणायला धावली. त्या दोन मिनिटांत, पुढं काय होणार ते सगळं गोजरबाईला लख्ख दिसलं. आज ती कोकरू घेऊन जाईल. चार दिवसांत भुरीला फूल पडेल, आठ दिवसांत भुरी मरेल. आणि रुखमाबाई म्हणेल, पाहा, राखण नेली अन् म्हैस गेली. मग पुष्पा रडेल आणि पारडीला जपायला बाजारातून एक मेंढरू आणेल. एक कशाला, धास्तीनं दोन आणेल, आणि पारडीच्या अगदी तोंडाशी बांधेल. आपण बांधलं तसंच. कोकरू इथंच ठेवलं तरी तेच. खरं सांगून झालं होतं. त्याच्याहून खरं तिच्याजवळ काही नव्हतं.

तरीही तिनं ती रेघ दाखवली. "हे पाह्य पुष्पा, हे रेघ. हिले लागला ताप. मी नेल्यानं नाई, आधीच लागला. ध्यानात ठेव, आज मी नेलं अन् आजच रेघ होती. पारडीजोळ मेंढरू आनू नको. शपत घे माही."

पुष्पानं वाकून डोळा पाहिला. "कुठी व आई? मले तं काही दिसत नाई," ती म्हणाली, आणि आईची ही अवस्था बघून तिचे डोळे भरून आले. "बरं, नाई आननार. तुही शपत." आजारी माणसाला देतात तसं तिनं ते वचन दिलं.

रुखमाबाईनं कोकरू सोडून स्वतःच्या हातानं दोरी गोजरबाईच्या हातात दिली. "न्या बाई, तुमचंच हाय," ती म्हणाली. मग आत जाता जाता मुलाला सांगितलं, येत्या बाजारी आठवण ठेवून धनगराकडं जाजो म्हणून.

एस्टीला अजून दोन तास होते. गोजरबाई स्टँडच्या लिंबाखाली बसली. पदरात पुष्पानं बांधून दिलेल्या भाकरी होत्या, त्या तिनं सोडल्या नाहीत. तिकडे गावी चांदी आहे की गेली, हे तिला ठाऊक नव्हतं. पोटातलं हलायचं थांबलं असेल का, एवढंच ती मनाशी विचारत होती, आणि थांबलं असेल तर बरं, असंही तिला वाटत होतं. तीस वर्षं गोठ्यात सांभाळलेलं माहेर आता एका पारडीपाशी येऊन थांबलं होतं, आणि त्या पारडीला तिचीच लेक, तिचीच म्हण म्हणत, जिवापाड जपणार होती.

कोकरानं तिच्या हाताला नाक घासलं. त्याला ढकलून द्यावं असं तिला वाटलं, पण हात उचलला नाही. त्याचा तरी काय गुन्हा? थोड्या वेळानं ते तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलं. श्वास नीट चालला होता, नाक कोरडं होतं, डोळे निर्मळ होते. त्याला काही झालं नव्हतं. त्याला कधीच काही होणार नव्हतं.